वार कोणाची? आईची की बाळाची?

 

आज आम्ही वारेबद्दल बोलणार आहोत. बाळ जन्मल्यावर मागून पडते ती वार. गाई-म्हशी व्याल्यावर जार पडला की नाही, हे आपण रात्रभर जागून बघतो. बाईची वार मात्र पडली की आपलं लक्ष बाळाकडे जातं आणि तिला कोणी विचारत नाही. पूर्वी घरी बाळंतपण व्हायचं तेव्हा सुईण वार पूर्ण पडली का ते बघायची आणि मग ती परसात पुरली जायची. तिचं काम संपलं, असं आपण समजायचो. पण पोटात असताना वारेने जे काम केलेलं असतं ते कळलं, तर गरोदरपणातल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो. ब्लडप्रेशर का वाढतं, रक्तगट का तपासतात, इंजेक्शन का देतात, आणि मूल टिकलं नाही तर बाईला दोष का देऊ नये, हे सगळं या वारेपाशी येऊन मिळतं.

सुरुवात आपल्या ओळखीच्या वस्तूपासून करू. पाळी चुकली की आशाताई लघवी तपासायची पट्टी देतात. दोन रेघा उमटल्या की दिवस गेले. ती दुसरी रेघ कशाची असते? गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की त्याच्या बाहेरच्या पेशींपासून वार तयार व्हायला लागते. या पेशी आईच्या रक्तात एक प्रथिन सोडतात. त्याचं नाव एचसीजी. "मी आलोय, आता पाळी येऊ देऊ नका," असा त्याचा निरोप असतो. रक्तातून ते लघवीत उतरतं आणि पट्टीवर पकडलं जातं. म्हणजे ती दुसरी रेघ वारेची पहिली हाक असते.

पट्टीवर त्या प्रथिनाला पकडायला प्रतिपिंडं लावलेली असतात. हा शब्द आज पुन्हा पुन्हा येईल, म्हणून आधीच सांगतो. बाहेरचं काही परकं शरीरात घुसलं की त्याला धरायला आपलं रक्त जी हत्यारं तयार करतं, ती प्रतिपिंडं. गोवराची वेगळी, धनुर्वाताची वेगळी. एकदा तयार झाली की शरीर त्यांची कृती लक्षात ठेवतं. आईच्या रक्तातही अशी हजारो प्रकारची प्रतिपिंडं असतात. तरी ती वारेवर तुटून पडत नाहीत. असं का?

हा प्रश्न साधा वाटतो, पण तसा नाही. कारण वार आईची नसते. ती आपल्या पोटात वाढते म्हणून आपण तिला आपली समजतो. खरं तर ज्या बीजापासून बाळ होतं, त्याच बीजापासून वार होते. आईच्या बाजूचा एक पातळ थर सोडला तर सगळी वार बाळाची. आणि बाळात अर्धा वाटा आईचा, अर्धा बापाचा. म्हणून वारेतही अर्धा वाटा बापाचा असतो. दिवस भरल्यावर अर्ध्या किलोच्या आसपास वजनाची, जाड भाकरीसारखी गोल अशी ही वस्तू. ती आईच्या गर्भाशयाला चिकटून आईच्या रक्तात न्हात असते आणि तिच्यावर परक्या घरच्या खुणा असतात.

परक्याशी आपलं शरीर कसं वागतं, हे पीटर मेडावर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जवळून पाहिलं. भाजलेल्या एका बाईला तिच्या भावाची कातडी लावली होती. सख्खा भाऊ, तरी ती कातडी काही दिवसांत गळून पडली. त्याच भावाची कातडी पुन्हा लावली, तर ती आणखी लवकर गळाली. यातून दोन गोष्टी कळल्या. शरीर परक्याला ओळखतं, आणि एकदा ओळखलेल्याला विसरत नाही. या विषयावरच्या पुढच्या कामासाठी मेडावर यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्याआधी १९५३ साली त्यांनी विचारलं होतं की सख्ख्या भावाची कातडी जे शरीर ठेवून घेत नाही, ते अर्ध्या परक्या बाळाला नऊ महिने पोटात कसं ठेवून घेतं?

आजही पाहा. आईने लेकराला किडनी दिली तरी ती टिकावी म्हणून लेकराला कायम औषधं घ्यावी लागतात. आणि तीच आई त्याच लेकराला काहीही औषध न घेता नऊ महिने पोटात वाढवते.

"गरोदर बाईची ताकदच कमी होते, म्हणून तिचं शरीर लढत नाही," असं कोणी म्हणेल. तसं असतं तर गरोदर बाई साध्या जखमेनेही दगावली असती. पोटुशी बाईचं बोट विळ्याने कापलं तरी जखम भरते. तिचं शरीर लढायचं विसरलेलं नसतं. मग वारेपाशीच ते शांत कसं राहतं? याची बरीचशी उत्तरं आता मिळाली आहेत. त्यातली तीन आम्ही सांगतो.

पहिली गोष्ट ओळखीची. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या अंगावर एक खूण असते, ओळखपत्रासारखी. ती माणसागणिक वेगळी असते आणि पहारा करणाऱ्या पांढऱ्या पेशी ती बघत फिरतात. वारेचा जो थर आईच्या रक्तात न्हात असतो, त्याच्यावर हे ओळखपत्र नसतंच. आणि वारेच्या ज्या पेशी आईच्या गर्भाशयात आत शिरतात, त्या एक खास ओळखपत्र बाहेर काढतात. त्याला एचएलए-जी म्हणतात. गंमत अशी की हे ओळखपत्र जवळजवळ सगळ्या माणसांत सारखंच असतं. ते पाहून पहारेकरी हात आवरता घेतात.

दुसरी गोष्ट समजूत घालणाऱ्यांची. गावात भांडण पेटायच्या आत मधे पडून दोघांना शांत करणारी माणसं असतात ना, तशा पांढऱ्या पेशी आपल्या रक्तात असतात. गरोदरपणात त्यांची संख्या वाढते. बापाकडून आलेल्या खुणा त्या ओळखतात आणि बाकीच्या पेशींना थोपवून धरतात. उंदरांमध्ये या पेशी काढून घेतल्या, तेव्हा परक्या नराची पिल्लं पोटात टिकली नाहीत.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत नवलाची वाटली. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात ज्या पांढऱ्या पेशी जमतात, त्यांतल्या शंभरात सत्तरच्या आसपास मारक पेशी असतात. नावच मारक. रक्तात फिरणाऱ्या त्यांच्या बहिणी रोगट पेशी मारतात. मग या इथे बाळाच्या दारात कशाला जमतात? त्या इथे कोणाला मारत नाहीत. त्या पाट रुंद करायला मदत करतात.

हे शेतावरून लगेच कळेल. गर्भाशयात रक्त आणणाऱ्या नळ्या आधी बारीक आणि वळणावळणाच्या असतात. बारीक नळीतून पाणी जोरात फवारतं, पण वाफा भरत नाही. वाफा नीट भरायचा तर पाट रुंद हवा, पाणी संथ आणि भरपूर यायला हवं. वारेच्या पेशी आणि आईच्या मारक पेशी मिळून या नळ्या मोकळ्या करतात. पाचवा महिना लागेपर्यंत हे काम बहुतेक झालेलं असतं. म्हणजे आईचं शरीर वारेकडे नुसता काणाडोळा करत नाही. ते तिला ओळखतं आणि तिला जागा करून देतं. एका बांधावरचे दोन शेतकरी मिळून पाट काढतात, तसं हे दोघांचं काम आहे.

आता हा पाट नीट निघाला नाही तर काय होतं, ते ऐका. आजच्या बोलण्यातला हा भाग कृपा करून गटात पुन्हा एकदा वाचा.

नळ्या बारीकच राहिल्या तर वारेला रक्त कमी पडतं. उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तात अशी प्रथिनं सोडते, ज्यांनी आईच्या साऱ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. अशा एका प्रथिनाचा मोठा हात यात आहे, हे २००३ साली अमेरिकेत बोस्टनमधल्या अनंत करुमंची या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. रक्तवाहिन्या आवळतात आणि ब्लडप्रेशर वाढतं. मूत्रपिंडं गळू लागतात आणि लघवीतून प्रथिन जातं. याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. पाचव्या महिन्यानंतर हे कधीही होऊ शकतं. वेळीच लक्ष दिलं नाही तर बाईला झटके येतात, आणि त्यात आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. आपल्याकडे अशा झटक्यांना कुणी "बाहेरचं" समजतं, अंगारा लावतं, भगताकडे नेतं. मैत्रिणींनो, ते बाहेरचं नसतं. ते वारेचं दुखणं असतं, आणि त्यावर दवाखान्यात औषध आहे.

हे दुखणं पहिलटकरणींना जास्त होतं. जुळी असतील, आधीच ब्लडप्रेशर किंवा साखर असेल, मागच्या खेपेला झालं असेल, आईला किंवा बहिणीला झालं असेल, तरी धोका वाढतो. पहिल्या खेपेला जास्त का, याचं एक कारण शास्त्रज्ञ असं मानतात की बापाकडच्या खुणांची आईच्या शरीराला अजून सवय झालेली नसते. आणखी एक गोष्ट आमच्या घरच्या पुरुषांनीही ऐकावी. जो पुरुष स्वतः अशा दुखण्याच्या बाळंतपणातून जन्मला, त्याच्या बायकोलाही हे होण्याची शक्यता थोडी जास्त असते. कारण वारेतला अर्धा वाटा त्याच्याकडून येतो. तेव्हा "सुनेच्याच अंगात खोट आहे" असं म्हणण्याआधी सासूबाईंनी आपलं बाळंतपण आठवून पाहावं. दोष देण्यासाठी नव्हे. ती माहिती डॉक्टरांना सांगण्यासाठी.

ओळखायचं कसं? सुरुवातीला काहीच कळत नाही. बाई हिंडती-फिरती असते, दुखत-खुपत नसतं. म्हणून प्रत्येक तपासणीला ब्लडप्रेशर मोजायचं आणि लघवी तपासायची. ब्लडप्रेशर १४० वर ९० किंवा त्याहून जास्त आलं की तो इशारा. १६० वर ११० असेल तर त्याच दिवशी, त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात. नंतरची लक्षणं ही: सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकल्यासारखं दिसणं, छातीखाली पोटाच्या वरच्या बाजूला दुखणं, चेहरा आणि हात अचानक सुजणं. पायावर थोडी सूज पुष्कळजणींना येते. पण सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं दिसलं, बोटातली अंगठी निघेना, तर थांबू नका. १०८ ला फोन करा.

यात वार हीच मुळाशी असल्यामुळे खरा शेवट वार बाहेर पडल्यावरच होतो. म्हणून डॉक्टर कधी कधी दिवस भरायच्या आधीच बाळंतपण करायला सांगतात. ते घाई करतात असं समजू नका. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. ३३ देशांतल्या १० हजारांहून जास्त बायकांना घेऊन झालेल्या अभ्यासात २००२ साली दिसलं की या इंजेक्शनाने झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. आणि एक लक्षात ठेवा. बाळंतपण झालं म्हणजे धोका लगेच टळत नाही. पुढच्या काही दिवसांतही ब्लडप्रेशर चढू शकतं. बाळंतीण डोकं दुखतंय म्हणाली तर "जागरणाने होतंय" म्हणून सोडून देऊ नका.

आधी काही करता येतं का? येतं. चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, दिवसाला दोन. जिथे जेवणातून कॅल्शियम कमी जातं, तिथे या गोळ्यांनी हे दुखणं कमी होतं. आपल्यातल्या कितीजणी दूध डेअरीला घालून स्वतः कोरा चहा पितात, ते आपल्याला ठाऊक आहे. गोळ्या नुसत्या डब्यात ठेवू नका. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, मधे दोन तास जाऊ द्या. ज्यांना धोका जास्त आहे त्यांना डॉक्टर लवकरच कमी ताकदीची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. ती मनाने घ्यायची नाही. आणि मीठ बंद केल्याने हे दुखणं टळत नाही, तेव्हा पोटुशीला अळणी जेवायला लावू नका.

आता दुसरी गोष्ट. मेडावर यांनी पाहिलेली ती कातडी आठवते? दुसऱ्यांदा लावली तेव्हा लवकर गळाली. शरीर लक्षात ठेवतं. रक्तगटाच्या बाबतीत हेच घडतं.

आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधे वार असते. पण बाळंतपणाच्या वेळी, किंवा गर्भपात झाला तर, बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात उतरतं. आई आरएच निगेटिव्ह असेल आणि बाळाने बापाचं पॉझिटिव्ह रक्त घेतलं असेल, तर आईचं शरीर त्या रक्ताला परकं समजून प्रतिपिंडं तयार करतं. पहिलं बाळ तोवर जन्मलेलं असतं, त्याला बहुधा काही होत नाही. पण दुसऱ्या खेपेला तीच प्रतिपिंडं वार ओलांडून पोटातल्या बाळाच्या रक्तपेशी फोडतात. बाळ पांढरं पडतं, जन्मल्यावर जबर कावीळ होते, कधी पोटातच जातं. "पहिलं चांगलं झालं आणि मग एकही टिकेना" अशा कहाण्या आपल्या आज्यांनी पाहिल्या आहेत. त्यातल्या काही घरांत कारण हेच असणार. आणि बोल मात्र बाईच्या नशिबाला लागला.

यावर अँटी-डी नावाचं इंजेक्शन १९६८ पासून जगात वापरात आहे. आईच्या पहारेकऱ्यांनी दखल घ्यायच्या आत ते बाळाच्या चुकार रक्तपेशी साफ करतं. हे इंजेक्शन दिलं नाही तर अशा शंभर बायकांमध्ये सोळाच्या आसपास बायकांच्या अंगात प्रतिपिंडं तयार होतात. बाळंतपणानंतर वेळेत दिलं तर एक-दोघींतच होतात. सातव्या महिन्यातही एक डोस दिला तर आणखी कमी. वेळेत म्हणजे ७२ तासांत, तीन दिवसांच्या आत. गर्भपात झाला, केला, पोटाला मार लागला, तरीही डॉक्टरांना विचारायचं. प्रतिपिंडं एकदा तयार झाली की मग या इंजेक्शनाचा उपयोग होत नाही. आपल्याकडे शंभरात पाचच्या आसपास माणसं आरएच निगेटिव्ह असतात. म्हणून पहिल्याच तपासणीला रक्तगट लिहून घ्या. बाई निगेटिव्ह निघाली तर नवऱ्याचाही तपासा. दोघंही निगेटिव्ह असतील तर काळजी नाही.

आता गर्भ न टिकण्याबद्दल. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडतो, तेव्हा निम्म्याच्या आसपास वेळा बीजाच्या मांडणीतच मोठी चूक झालेली असते. ती चूक आईने जड उचललं म्हणून, पपई खाल्ली म्हणून, ग्रहणात बाहेर गेली म्हणून झालेली नसते. काही थोड्या बायकांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात की वारेत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि वार नीट काम करत नाही. ती रक्त तपासून कळतात, आणि अ‍ॅस्पिरिन व हेपॅरिन या औषधांनी अशा कितीतरी बायकांची बाळंतपणं नीट झाली आहेत. म्हणून दोन-तीनदा गर्भ पडला असेल तर देवाला नवस जरूर बोला, पण नवरा-बायको दोघांनी मिळून तपासणीही करा. दोघांनी, हे पुन्हा सांगतो. बीजात दोघांचा वाटा असतो.

शेवटची गोष्ट इंजेक्शनांची. वार परक्याला अडवते, तशी आईची काही प्रतिपिंडं ती मुद्दाम उचलून बाळाकडे पोचवते. हे काम सगळ्यांत जास्त शेवटच्या तीन महिन्यांत चालतं. म्हणून तर दिवस भरलेलं बाळ आईच्या प्रतिपिंडांची शिदोरी घेऊन येतं, आणि कमी दिवसांच्या बाळाची शिदोरी थोडी असते. गरोदरपणात धनुर्वाताचं इंजेक्शन देतात, त्याचा हेतू हाच. आईच्या अंगात प्रतिपिंडं होतात आणि वारेतून बाळाला मिळतात. पूर्वी गंजलेल्या विळ्याने नाळ कापली की आठवड्याच्या आत बाळ आखडून जायचं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून बाळंतिणींचा आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं मान्य केलं. त्यात इंजेक्शनाचा आणि स्वच्छ बाळंतपणाचा मोठा वाटा आहे. बाळ जन्मल्यावर पहिला चीक पाजायचा तोही याच कारणाने. शिदोरीचा दुसरा भाग त्यात असतो.

करोनाच्या काळात एक अफवा सगळीकडे पसरली होती की लस घेतली की बाई वांझ होते. ती कशी निघाली, तेही वारेशीच जोडलेलं आहे. वारेच्या पेशी एकमेकींना सांधण्यासाठी सिन्सिटिन नावाचं प्रथिन वापरतात. अडीच कोटी वर्षांहून आधी एक विषाणू आपल्या पूर्वजांच्या बीजात शिरला आणि तिथेच राहिला. त्याच्याकडून हे प्रथिन आपल्याला मिळालं, असं २००० साली समजलं. घरात शिरलेल्या चोराला कामाला लावावं, तसं झालं. २०२० च्या शेवटी कोणीतरी उठवलं की करोनाच्या लशीची प्रतिपिंडं या प्रथिनावर तुटून पडतील. पण या दोन प्रथिनांत तसं साम्यच नाही. लस घेतलेल्या बायकांना न घेतलेल्यांसारखेच दिवस गेले. आणि खरोखर तसं असतं तर करोना होऊन गेलेल्या बायकांनाही दिवस गेले नसते, कारण तीच प्रतिपिंडं त्यांच्या अंगातही होती. उलट गरोदरपणात करोना झाला तर आजार जास्त बळावायचा. जुलै २०२१ पासून आपल्या देशात गरोदर बायकांनाही ती लस देऊ लागले. प्रश्न विचारणं चुकीचं नाही, मैत्रिणींनो. इंजेक्शन कशाचं, का देताय, हे विचारायचा आपला हक्कच आहे. पण उत्तर नर्सबाईंकडून, डॉक्टरांकडून घ्या. मोबाइलवर आलेल्या निरोपावर आपल्या बाळाची शिदोरी सोडू नका.

आता गटासाठी काम. या महिन्याच्या बैठकीत आपल्या वस्तीतल्या गरोदर बायकांची माता-बाल संरक्षण कार्डं उघडून बघा. रक्तगट लिहिलाय का? प्रत्येक भेटीत ब्लडप्रेशरचा आकडा लिहिलाय का? लघवी तपासली का? जागा कोरी असेल तर आशाताईंना सोबत घेऊन जा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे डॉक्टर भेटतात. पहिलटकरणीच्या सासूला आणि नवऱ्याला धोक्याची चार लक्षणं तोंडपाठ करून घ्या: डोकं, डोळे, पोटाची वरची बाजू, चेहऱ्यावरची सूज. गाडीचे पैसे गटाच्या पेटीतून लगेच कसे मिळतील, ते आजच ठरवून ठेवा. रात्री दोन वाजता ठराव होत नसतो.

एक शेवटचं सांगतो. वार पडून जाते, पण बाळाच्या काही थोड्या पेशी आईच्या अंगात राहून जातात. मुलगा झालेल्या एका बाईच्या रक्तात तशा पेशी २७ वर्षांनंतरही सापडल्या, हे १९९६ साली प्रसिद्ध झालं. लेकरू शिकायला किंवा कामाला परगावी गेलं, लेक सासरी गेली, तरी त्यांचं काहीतरी आपल्यात असतं, असं आपण म्हणतो. ते नुसतं बोलण्यापुरतं नाही.

तुमचे प्रश्न आशाताईंकडे चिठ्ठीवर लिहून द्या किंवा केंद्रावर फोन करा. पुढच्या भागात बाळंतिणीच्या जेवणाबद्दल बोलू. तोवर आपापली आणि एकमेकींची काळजी घ्या. नमस्कार.